सॅन हुआनचे किल्ले: घाई जहाजाची नसते, साडेचारची असते

तुम्ही विचारलंय: जानेवारीत मायामीहून क्रूझ, आधी सेंट मार्टिन, मग अमेरिकेच्या हद्दीतल्या पोर्टो रिको बेटावर सॅन हुआनला दुपारी एक ते रात्री नऊ. एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल हे दोन्ही किल्ले सहल न घेता बघायचेत, बरोबर गुडघे दुखणाऱ्या आई आहेत, आणि कंपनीच्या बाईंनी फोनवर "स्वतंत्र गेलात तर जहाज चुकेल" असं बजावलंय. तुमचा प्रश्न वाचता वाचताच मी नवऱ्याला हाक मारली, "अरे, आपलाच प्रवास कुणीतरी परत करतंय!"

पासपोर्ट, व्हिसा, जहाजाचं कार्ड, टोपी, पाणी हे सगळं तुम्हाला कळतं असं धरून चालते. सॅन हुआनमध्ये जहाज चुकायची भीती बाकी बंदरांच्या मानानं फारच कमी. जुन्या शहराच्या धक्क्याला जहाज लागलं असेल तर सान क्रिस्तोबाल चालत पंधरा-एक मिनिटं, एल मोरो अर्धा तास, आणि परतीला उतार. रात्री नऊपर्यंत तुमच्याकडे वेळच वेळ आहे. अपुरा पडतो तो किल्ल्यांचा दिवस. अलीकडच्या वेळेप्रमाणे दोन्ही किल्ले सकाळी साडेनऊला उघडतात आणि दुपारी साडेचारला बंद होतात. पूर्वी संध्याकाळी सहापर्यंत उघडे असायचे, आणि आमची अर्धी माती त्या 'पूर्वी'नं केली.

आमच्या जहाजावर सहली विकायचं जे काउंटर होतं (कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको) तिथे मी तीन साधे प्रश्न विचारले होते. जहाज कुठल्या धक्क्याला लागणार? किल्ला किती वाजता बंद होतो? आणि आपलं घड्याळ नि गावातलं घड्याळ एकच का? पहिल्याला उत्तर मिळालं, "बंदरात पोचल्यावर कळेल." दुसऱ्याला एक झेरॉक्स पुढे सरकवली गेली, तिच्यावर सहा लिहिलेलं. तिसऱ्याला काउंटरवरची मुलगी गोड हसली आणि म्हणाली, "तुम्ही फक्त जहाजाची वेळ पाळा, मग काळजी नाही."

हे तिसरं उत्तर सगळ्यात महागात पडलं. पोर्टो रिको वर्षभर एकच वेळ पाळतं, तिथे घड्याळं मागेपुढे करत नाहीत. उन्हाळ्यात मायामीची आणि त्यांची वेळ जुळते. नोव्हेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मात्र मायामी एक तास मागे असते. काही जहाजं वाटेत घड्याळ पुढे करतात, काही मायामीचीच वेळ शेवटपर्यंत चालवतात. आमचं दुसऱ्या जातीचं होतं.

एल मोरोच्या पुढे एक मोठं, झाडांशिवायचं हिरवं मैदान आहे. समुद्राचा वारा सतत, त्यामुळे मुलं पतंग उडवत असतात. ते मैदान उन्हात ओलांडून आम्ही खंदकावरच्या पुलापाशी पोचलो तेव्हा माझ्या मनगटावर पावणेचार झाले होते. म्हणजे झेरॉक्सप्रमाणे हातात सव्वादोन तास. दारातल्या रेंजरनं, म्हणजे उद्यान सेवेच्या माणसानं, काही न बोलता आधी स्वतःचं घड्याळ पुढे केलं. पावणेपाच. आतली शेवटची माणसं बाहेर येत होती. झेरॉक्सवरची वेळ जुनी आणि वर घड्याळ एक तास मागे, दोन्ही एकदमच नडलं. सासूबाई तिथल्या कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "एवढं ऊन खाल्लं ते दार बघायला होय गं?"

संध्याकाळी मी त्याच काउंटरवर गेले. उत्तर काय, तर "आम्ही फक्त आमच्या सहलींची हमी देतो." बरं, हमी कोण मागत होतं? बंद व्हायची वेळ मागितली होती, जी किल्ल्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. हातात अभिप्रायाचा फॉर्म दिला. जेवण, केबिन, करमणूक, सगळ्याला तारे द्यायची सोय. या काउंटरसाठी रकानाच नाही! असो. राग अजून उतरलेला नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तर तुमचा हिशेब मांडते. जहाजाचं एक म्हणजे मायामीचं एक असेल तर गावात दोन वाजलेले असतील. त्यातून सेंट मार्टिनहून येताय, म्हणजे परदेशी बंदरातून अमेरिकेच्या हद्दीत शिरताय. अशा वेळी अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांना जहाजावरच इमिग्रेशनपुढे उभं करतात, आणि कधी कधी ते आटोपेपर्यंत उतरू देत नाहीत. आदल्या रात्री केबिनमध्ये चिठ्ठी येते, तिच्यावर जागा आणि वेळ असते. ती चिठ्ठी जाहिरातींच्या गठ्ठ्यात जाते, म्हणून मुद्दाम शोधा, आणि दिलेल्या वेळेच्या आधी रांगेत उभे राहा. एवढं करून तुम्ही गावच्या तीनला रस्त्यावर आलात तरी नशीब समजा. उरला दीड तास. त्यात दोन्ही किल्ले होत नाहीत. आईंना घेऊन तर नाहीच.

निघायच्या आधी धक्का कुठला ते बघून ठेवा. बहुतेक जहाजं जुन्या शहराला खेटून लागतात, पण काही पॅन अमेरिकन धक्क्याला लागतात. तो खाडीच्या पलीकडे, इस्ला ग्रांदेला आहे. नकाशावर जवळ वाटतो, पण पुलावरून वळसा घालून यावं लागतं. तिथे लागलात तर चालायचा विचार सोडा आणि सरळ टॅक्सी करा.

आता माझं ठाम मत, ज्यावर बरेच जण मला मारायला धावतील: एकच किल्ला आतून बघायचा असेल तर सान क्रिस्तोबाल बघा. एल मोरो बाहेरून.

फोटो सगळे एल मोरोचे असतात हे खरं. बंदराच्या तोंडावरचा तो उंच कडा, समुद्रापासून १४५ फूट वर चढत गेलेले सहा मजले, काही ठिकाणी १८ फूट जाडीचा तट. १५३९ मध्ये काम सुरू झालं आणि पुढे कित्येक पिढ्या वाढत राहिलं. पण तो समुद्राकडे तोंड करून उभा आहे. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेक समुद्रातून आला, तेव्हा तोफांनी त्याला परतवलं. तीनच वर्षांनी कंबरलंडचा अर्ल, हाही इंग्रजच, पूर्वेकडे जमिनीवर उतरला, शहरातून चालत पाठीमागून आला आणि त्यानं एल मोरो घेतला! त्याला हाकललं ते अतिसाराच्या साथीनं. १६२५ मध्ये डच आले, किल्ला त्यांना मिळाला नाही, पण जाताना शहर जाळून गेले. पाठ उघडी आहे हे तोवर स्पॅनिशांच्या पुरतं लक्षात आलं होतं. १६३४ पासून जमिनीच्या बाजूला सान क्रिस्तोबाल बांधायला घेतला आणि त्याचं काम जवळजवळ दीडशे वर्षं चाललं. सुमारे २७ एकर. अमेरिका खंडांत स्पेननं बांधलेला सगळ्यात मोठा किल्ला हाच. १७९७ मध्ये इंग्रज पुन्हा पूर्वेकडूनच आले आणि हात हलवत परत गेले.

किल्ल्यांची आवड असलेल्या माणसाला तिथे वर उभं राहिल्यावर ही मांडणी डोळ्यांनी दिसते. एका तटामागे दुसरा, त्यामागे तिसरा, मधे खंदक. पुढचा पडला तरी मागच्यावरून त्याच्यावर तोफ चालते. चौकाच्या खाली पावसाच्या पाण्याची पाच मोठी टाकी आहेत, चौकात आणि छतांवर पडलेलं पाणी तिथे उतरायचं. खाली भुयारं आहेत. त्यातल्या एकात उतरत गेलं की कोठडी लागते, आणि तिच्या भिंतीवर शिडाच्या जहाजांची चित्रं आहेत, आता काचेआड ठेवलेली. कुणा कैद्यानं काढली असं सांगतात. ज्यानं काढली त्याला जहाज ठाऊक होतं, कारण दोरखंड न् दोरखंड जागच्या जागी आहे. अंधार असतो, डोळे जरा सरावू द्या, लगेच मागे फिरू नका. (आम्ही हे नंतर विमानानं गेलो तेव्हा निवांत पाहिलं. एल मोरोही तेव्हाच आतून झाला.)

वर दोन्ही किल्ल्यांवर मधेच काँक्रीटचे ठोकळे दिसतील. ते दुसऱ्या महायुद्धातले टेहळणीचे, अमेरिकन सैन्यानं बांधलेले. गाइड नसला की लोक त्यांनाही स्पॅनिश समजून फोटो काढतात.

तिकीट आम्हाला माणशी दहा डॉलर पडलं होतं. त्यात दोन्ही किल्ले होतात आणि ते २४ तास चालतं. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना काही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तो इथे चालतो, घरी विसरू नका. दर आणि वेळा बदलतात, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर सॅन हुआनचं पान उघडून त्याच आठवड्यात बघा. वाऱ्यापावसानं अचानक काही भाग बंद असला तर तेही तिथेच कळतं. ड्रोन नेऊ नका, परवानगी नाही.

आईंबद्दल. मी डॉक्टर नाही, त्यांचे गुडघे तुम्हाला माहीत. धक्क्यापासून सान क्रिस्तोबाल जवळ असला तरी सगळा चढ आहे आणि जुन्या शहरात निळसर फरशीचे दगडी रस्ते आहेत, पाऊस पडला की निसरडे. जाताना टॅक्सीनं दारापर्यंत जा, चालायची हौस परतीच्या उतारावर भागवा. आतही चौकापर्यंत चढ आहे. भुयारात त्यांना नेऊ नका, वर चौकात सावलीला बसवा आणि तुम्ही जाऊन या. एल मोरोला टॅक्सी मैदानाच्या कडेला सोडते, पुढचं मैदान पायीच. म्हणूनही माझं मत सान क्रिस्तोबालच्या बाजूनं.

साडेचारला बाहेर पडलात की पुढची संध्याकाळ मोकळी. एल मोरोच्या मैदानावर जायला तिकीट लागत नाही. पायथ्याशी तटाला लागून समुद्राच्या कडेनं एक वाट जाते, पासेओ देल मोरो, तीही फुकट. सान हुआन दरवाजातून खाली उतरलं की ती सुरू होते. तटाची खरी उंची वरून कळत नाही, या वाटेवरून वर बघितलं की मान दुखते. दोन्हीकडे जायच्या वेळा किल्ल्याच्या आतल्या वेळेपेक्षा वेगळ्या असतात, त्याही त्याच पानावर मिळतील. अंधारात मात्र त्या वाटेवर रेंगाळू नका.

"जहाज चुकेल" या धमकीबद्दल एवढंच. स्वतंत्र गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही आणि कंपनीच्या सहलीची बस अडकली तर बहुधा थांबतं, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. सेंट किट्स बेटावर ब्रिमस्टोन हिल किल्ला बघायचा असेल तर तो बंदरापासून पंधरा-एक किलोमीटर, रस्ता एकच; तिथे मी स्वतः दोन तासांची मोकळीक ठेवल्याशिवाय निघणार नाही, आणि टॅक्सीवाल्याला परतीचे पैसे परतल्यावरच देईन. माँटेनेग्रोतल्या कोटरला किल्ला गावाच्या डोक्यावरच आहे, पण साडेतेराशे पायऱ्या. तिथे घड्याळापेक्षा दम आधी संपतो. सॅन हुआनला मात्र धक्का, शहर आणि किल्ले एकाच छोट्या टोकावर आहेत. तिथे जहाज चुकवायला खास प्रयत्न करावे लागतील.

मनगटावर जहाजाची वेळ ठेवा, मोबाइलवर गावाची. मोबाइल विमान मोडमध्ये असेल तर तोही जुनीच वेळ दाखवतो, तेव्हा उतरताना नेटवर्क चालू करा. अमेरिकेतलं सिम तिथे बहुतेक चालतं.

जहाजाचं नाव आणि तारीख इथे टाका. बंदराचं वेळापत्रक आधीच लागलेलं असतं, त्यात धक्का कुठला ते कसं बघायचं ते सांगते. काउंटरवाल्यांची वाट बघत बसू नका.