कानाच्या नटाची चाकं

प्रश्न : लेस्टरमध्ये राहतो. १९६४ ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली आहे, तारांच्या चाकांची. परवा उजवं चाक काढायला त्याच्या मधोमधचा कानांचा नट (हातोडा मारायला बाहेर आलेल्या पाकळ्या म्हणजे कान) घड्याळाच्या उलट फिरवत होतो, हलेचना. हातोडा किती जोरात मारू?

उत्तर : अहो थांबा, तुम्ही तो आणखी आवळताय! उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. तिथला नट घड्याळाच्या दिशेनं सुटतो, डावीकडचा नेहमीसारखा. घोळ होऊ नये म्हणून मी एकच लक्षात ठेवतो : कुठलीही बाजू असो, वरचा कान मागच्या बंपरकडे मारला की आवळतो, पुढे मारला की सुटतो.

चाक बसवण्याआधी हबचे, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या मधल्या भागाचे, दाते बोटानं चाचपा. टोकाला धार आली असेल तर हब झिजलाय, आणि नट कितीही ठोकलात तरी चाक खेळणारच. दाते आणि तिरका भाग पुसून ग्रीसचा पातळ हात द्या. चाक जमिनीवरून उचललेलं असतानाच नट आवळा. हातोडा तांब्याचा किंवा शिशाचा घ्या. (लोखंडी हातोड्यानं चेपलेले कान पाहिले की माझं डोकं उठतं.) दहा-पंधरा किलोमीटर फिरून आलात की चाक उचलून पुन्हा ठोका. पहिल्या ठोक्याला नट किंचित सरकतोच.