मामंजींना पाण्याचाच ठसका का लागतो?

प्रिय ताई,

मामंजींना दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. मऊ भात जातो, पण पाण्याच्या घोटाघोटाला ठसका लागतो. सासूबाई म्हणतात घाई करतात, आणि तुम्ही धास्तीने पाणीच कमी केलंत.

मामंजी घाई करत नाहीत, ताई. घाई पाण्याला असते. घास तोंडात थांबतो, पाणी थेट घशात उतरतं. झटक्यानंतर गिळण्याची क्रिया उशिरा सुरू होते आणि श्वासनलिकेचं दार मिटायच्या आत पाणी तिथे पोचतं. वारंवार असं झालं की न्यूमोनियाची भीती. पण पाणी तोडलंत तर शरीर कोरडं पडेल. लघवी कमी आणि गडद होतेय का, बघा.

याच आठवड्यात स्पीच थेरपिस्टना दाखवा. नावावरून बोलण्यापुरते वाटतात, पण गिळण्याची तपासणीही तेच करतात. तोवर मामंजींना खुर्चीत ताठ बसवा. तांब्याने वरून पाणी पिणं बंद. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते. पेल्यातल्या शेवटच्या घोटालाही मान मागे जातेच, म्हणून चहाचा अर्धा चमचा पाणी द्या. कंठमणी वर जाऊन खाली आला की 'आ' म्हणायला सांगा. आवाज ओला, गुळगुळल्यासारखा आला तर खोकायला लावा, पुढचा चमचा थांबवा. एवढ्यानेही ठसका लागला तर तोंडाने काही न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पाणी घट्ट करायची पावडर मिळते, पण मनाने घालू नका. फार घट्ट झालं तर घशात साचून राहतं. प्रमाण थेरपिस्ट ठरवतील.

चहात बुडवलेलं बिस्किट, दूध-पोळी, पातळ आमटीतला भात मऊ वाटतात, पण त्यातलं पातळ आधी निसटतं. आइस्क्रीमही तोंडात पाणीच होतं. भात घट्ट वरणात मोडून कालवा. जेवणानंतर लुळ्या बाजूच्या गालात टॉर्चने बघा, तिथे शितं अडकून राहतात. ती काढा, दात घासा. अस्वच्छ तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. मग अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

ठसका थांबला म्हणून निर्धास्त होऊ नका. घशाची संवेदना गेलेली असेल तर पाणी खोकल्याविनाही फुप्फुसात जातं. ताप, वाढता कफ किंवा धाप दिसली तर थेरपिस्टच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे न्या.