ऋण संख्येचं वर्गमूळ खरंच असतं का?

नागपूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: दहावीत वर्गसमीकरणाचा विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या, ऋण आला की 'मुळे वास्तव नाहीत' असं लिहून गणित संपवायचं, आणि अकरावीत त्याच समीकरणाची दोन मुळं काढायची. मग खरं काय? आणि 'काल्पनिक' संख्या शिकायची तरी कशाला?

दोन्ही खरं. दहावीचं वाक्य नीट वाचा, त्यात मुळं नाहीतच असं कुठेही म्हटलेलं नाही. वास्तव नाहीत, म्हणजे संख्यारेषेवर नाहीत. भास्कराचार्यांनीही बीजगणितात हेच सांगितलंय: ऋण संख्या कुणाचा वर्ग नसते, म्हणून तिला मूळ नाही. रेषेपुरतं ते शंभर टक्के बरोबर आहे. प्रश्न एवढाच, की रेषेवरून उतरता येतं का?

तुम्ही नागपूरचे आहात म्हणून झिरो माईलचा स्तंभ घेऊ. तो शून्य. पूर्वेला भंडाऱ्याकडे धन संख्या, पश्चिमेला अमरावतीकडे ऋण. पूर्वेला ५ किलोमीटरवर उभ्या माणसाला −१ ने गुणलं की तो पश्चिमेला ५ किलोमीटरवर जातो. म्हणजे −१ ने गुणणं हा स्तंभाभोवती अर्धा फेरा आहे, १८० अंशांचा. दोनदा केला की माणूस मूळ जागी येतो; ऋण गुणिले ऋण धन का होतं, ते इथे दिसतं.

आता −१ चं वर्गमूळ म्हणजे काय? अशी कृती, जी लागोपाठ दोनदा केली की अर्धा फेरा होतो. ती पाव फेरा, ९० अंश! पूर्वेचा माणूस उत्तरेला जातो, पुन्हा तेच केलं की पश्चिमेला. उत्तरेच्या १ किलोमीटरवरच्या त्या बिंदूला इंग्रजी अक्षरावरून 'आय' म्हणतात. उलट दिशेने, दक्षिणेकडून पाव फेरा घेतला तरी दोनदा करून पश्चिमच येते, म्हणून दुसरं मूळ −आय. 'काल्पनिक' हे नाव फ्रेंच गणितज्ञ देकार्तने १६३७ मध्ये दिलं आणि तेव्हापासून विद्यार्थ्यांची दिशाभूल करतंय, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तर दिशा काही कुणाच्या कल्पनेत नसते.

हे पटलं की पाठांतर फारसं उरत नाही. चार पाव फेरे म्हणजे पूर्ण फेरा, म्हणून आयचा २७ वा घात काढायला २७ ला ४ ने भागा. बाकी ३, तीन पाव फेरे, म्हणजे दक्षिण, उत्तर −आय. ३ + ४आय म्हणजे ३ किलोमीटर पूर्वेला आणि ४ उत्तरेला. स्तंभापासूनचं सरळ अंतर पायथागोरसने ५. त्याला आयने गुणलं की −४ + ३आय येतं. हे आलेखाच्या कागदावर एकदा स्वतः मांडा, अंतर ५ च राहतं आणि रेघ बरोबर काटकोनात वळलेली दिसते.

सगळ्यात जास्त गुण जातात ते इथे: √−४ × √−९ = √३६ = ६. चूक. आधी आय बाहेर काढा: २आय × ३आय = ६ × (−१) = −६. मुळं एकत्र करायचा नियम दोघांपैकी किमान एक संख्या ऋण नसेल तेव्हाच चालतो. दोन्ही ऋण असताना दोन पाव फेरे मिळून अर्धा फेरा व्हायला हवा, तो √३६ लिहिताना हरवतो. तसंच 'आय शून्याहून मोठा की लहान' हा प्रश्नच लागू होत नाही. मोठा धरला तर दोन धन संख्यांचा गुणाकार −१ येतो, लहान धरला तर दोन ऋण संख्यांचा.

आता 'कशाला'. बॉम्बेली या इटालियन गणितज्ञाने १५७२ मध्ये क्षचा घन = १५क्ष + ४ हे समीकरण घेतलं. उत्तर साधं ४ आहे, ६४ = ६० + ४. पण तेव्हाच्या सूत्रात मध्येच २ + √−१२१ आणि २ − √−१२१ यांची घनमुळं येतात आणि त्यांची बेरीज करायची असते. बॉम्बेली थांबला नाही. २ + आयचा घन करून पाहा: ८ + १२आय − ६ − आय, म्हणजे २ + ११आय. म्हणून घनमुळं २ + आय आणि २ − आय, बेरीज ४. शेवटचं उत्तर रेषेवरचंच, पण सूत्राची वाट रेषेबाहेरून गेली.

आणि रोजचं उदाहरण विजेचं. समजा कॉइलचा रोध ३० ओहम आणि ५० हर्ट्झला तिचा रिॲक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध, ४० ओहम आहे. सरळ बेरीज करून ७० धरलं तर २३० व्होल्टवर ३.३ अँपिअर येतो, आणि मीटर तसं दाखवत नाही. कॉइलमध्ये दाब (व्होल्टेज) प्रवाहाच्या पाव फेरा पुढे असतो, म्हणून ते ४० उत्तरेकडे मोजायचे: ३० + ४०आय, लांबी ५०, प्रवाह ४.६ अँपिअर. कपॅसिटर याच्या उलट, दक्षिणेकडे; ४ मायक्रोफॅरडचा ५० हर्ट्झला सुमारे −७९६आय ओहम. कूलरच्या पंख्याच्या मोटरमध्ये दुसऱ्या वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, तो जोडतात तो यासाठीच: त्या वाइंडिंगमधला प्रवाह पहिल्यापेक्षा पाव फेऱ्याच्या आसपास पुढे सरकतो आणि दोघांचं मिळून चुंबकीय क्षेत्र फिरायला लागतं. मे महिन्यात कूलर नुसता घूं घूं करतो, पण पातं हाताने ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो आणि तो फरक निर्माणच होत नसतो.