वाचकांचे प्रश्न : प्रकल्प नेमका कोणाचा?

शाळेतील हातकाम आणि विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेले प्रकल्प या विषयावर नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान आणि कार्यानुभव शिकवते. प्रदर्शन जवळ आले की मुले बाजारातून तयार संच आणतात, नाहीतर घरच्यांकडून मॉडेल करून घेतात. ‘विषय तुम्हीच निवडा’ म्हटले, तर ‘बाई, तुम्हीच सांगा ना’ असे उत्तर मिळते. शाळेकडे पैसे नाहीत आणि तासही मोजकेच आहेत. सुरुवात कोठून करावी?
— एक शिक्षिका, सातपूर

उत्तर : ‘बाई, तुम्हीच सांगा ना’ हे आळसाचे उत्तर नव्हे. निबंधाचा, चित्राचा, भाषणाचा असा प्रत्येक विषय पहिलीपासून वरूनच येत असेल, तर आठवीत एकदम मोकळीक मिळाल्यावर मूल गांगरणारच. म्हणून ‘काय बनवायचे आहे?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारू नये. त्याचे उत्तर गेल्या वर्षीच्या प्रदर्शनातूनच येते, आणि ते बहुधा ज्वालामुखी किंवा पवनचक्की असते. त्याऐवजी पहिल्या तासाला वही आणि पेन्सिल घेऊन वर्गाला शाळेच्या आवारात फिरवावे आणि जेथे रोज कोणाची तरी अडचण होते अशा तीन जागा प्रत्येकाने लिहून आणाव्यात, एवढेच सांगावे. एक सायकल ओढली की शेजारच्या चार आडव्या होतात, दुपारी फळ्यावर उजेड चमकतो आणि डाव्या रांगेला अक्षर दिसत नाही, खिचडीच्या रांगेत पहिलीच्या मुलांची ताटे हिंदकळतात, नळ गळतो, अशी यादी तासाभरात तयार होते. यांतील कोणताही विषय आपण दिलेला नसतो.

यानंतरची पायरी बनवण्याची नव्हे, मोजण्याची आहे आणि घाईत बहुतेक ठिकाणी तीच गाळली जाते. गळक्या नळाचेच उदाहरण घेऊ. सेकंदाला एक थेंब पडतो आणि साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असे धरले, तर दिवसाचे ८६,४०० थेंब म्हणजे सव्वाचार लिटरांहून थोडे अधिक पाणी होते. हे गणित फळ्यावर आपण करून दाखवू नये. मुलांनी नळाखाली मापाचे भांडे ठेवावे, तासाभराने पाहावे आणि आपला अंदाज किती चुकला ते वहीत लिहावे. ज्या गटाने तासभर भांड्यावर पाळत ठेवली आहे, त्या गटाला ‘आता काय करायचे?’ असे विचारावे लागत नाही. कोणी वायसर बदलण्याचे म्हणेल, कोणी ते पाणी झाडांना नेण्याचे म्हणेल, आणि दोन्ही गटांना आपापला हट्ट असेल. तो हट्ट निर्माण झाला की प्रकल्प मुलांचा झाला असे समजावे.

साहित्याचा प्रश्न आपल्याला वाटतो त्याहून लहान आहे. किराणा दुकानातील खोक्यांचा पुठ्ठा, सुतळी, झाडूच्या काड्या आणि सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी एवढ्यावर पहिले सत्र आरामात निघते. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीतील काड्या आणि हीच नळी वापरून भूमितीचे सांगाडे करण्याची रीत शिक्षकांपर्यंत पोहोचवली, आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून असंख्य खेळणी करून दाखवली. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून त्यांत काड्या खोचल्या की सांधा तयार होतो. चार काड्यांचा चौकोन हातात धरला, तर तो लगेच तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र दाबूनही हलत नाही. सायकलच्या स्टँडवर काम करणाऱ्या गटाने हे एकदा बोटांनी अनुभवले, तर चौकटीत आडवी पट्टी का टाकायची हे त्यांना सांगावे लागणार नाही. पुठ्ठ्याचेही तसेच आहे. त्याच्या आतील नळ्यांच्या दिशेने घडी घातली तर ती सरळ येते, आडवी घातली तर पुठ्ठा चुरगळतो, आणि भार पेलायचा असेल तर नळ्या उभ्या ठेवाव्या लागतात. हे ज्ञान तयार संचाच्या खोक्यात मिळत नाही. (आणि ते खोके पुठ्ठ्याचेच असते, ही गंमत वेगळी.)

खरी टंचाई पैशांची नसून सलग वेळेची आहे. चाळीस मिनिटांच्या तासात साहित्य काढण्यात दहा आणि आवरण्यात दहा मिनिटे जातात. त्यामुळे मुख्याध्यापकांकडे काही मागायचेच असेल, तर अनुदानाआधी जोडतास मागावा आणि अर्धवट कामे न हलवता ठेवता येतील अशी एक मांडणी मागावी. ती मिळाली नाही, तर प्रत्येक आठवड्याला काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

गुणांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. चकचकीतपणाला एकही गुण देऊ नये. प्रत्येक गटाची एक कच्ची वही असावी, तिच्यात पहिले रेखाटन, फसलेला प्रयत्न, तो का फसला याविषयीचा गटाचा तर्क आणि त्यानंतर केलेला बदल तारखेसह असावा, आणि मूल्यमापन मुख्यतः त्या वहीचे व्हावे. पालकांनी रात्री जागून केलेल्या मॉडेलला अशी वही नसते. तोंडी परीक्षाही आपण घेण्याऐवजी पाचवीच्या मुलांना घेऊ द्यावी. ती ‘हे इथे कशाला लावले?’ असे विचारतात, आणि पाठ केलेल्या भाषणाला त्या प्रश्नापुढे काही चालत नाही.

या सगळ्यात नवे काही नाही. वर्ध्याला १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेपासून हस्तोद्योगातून शिक्षणाची मांडणी आपल्याकडे आहे, आणि कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली, तीही तो तास गणिताच्या जादा तासाला देण्यासाठी नव्हती.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. तिच्या शाळेत अटल लॅब आहे, पण मुलांना तेथे फारसे नेत नाहीत. तिला रोबोटिक्सच्या खासगी वर्गाला घालावे का? दहावी जवळ आल्यामुळे अभ्यासाचे नुकसान होईल अशीही भीती वाटते.
— एक पालक, गंगापूर रोड

उत्तर : अटल टिंकरिंग लॅब ही नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची योजना असून ते मिशन २०१६ मध्ये सुरू झाले. निवडलेल्या शाळेला एकूण २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यातील निम्मे उभारणीसाठी आणि उरलेले पुढील काही वर्षे चालवण्यासाठी असते, आणि सहावी ते बारावीच्या मुलांनी तेथे स्वतःच्या हाताने काम करावे हाच तिचा हेतू आहे. तेव्हा पालकसभेत तक्रारीच्या सुराऐवजी तीन साधे प्रश्न विचारावेत : लॅबची किल्ली कोणाकडे असते, शाळा सुटल्यावर ती किती वाजेपर्यंत उघडी असते, आणि या वर्षी कोणते सुटे भाग संपले म्हणून नव्याने मागवले. तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगाचा आहे. ज्या लॅबमधील एकही एलईडी जळलेला नाही आणि एकही रेझिस्टर (विजेचा प्रवाह मर्यादित ठेवणारा छोटा भाग) हरवलेला नाही, तेथे मुले काम करत नाहीत, पाहुणे येऊन पाहून जातात.

खासगी वर्ग निरुपयोगी असतात असे मी म्हणणार नाही, कारण डाग देणे (सोल्डरिंग), जोडणी तपासणे, मल्टिमीटर वाचणे ही कौशल्ये तेथे नीट शिकता येतात. परंतु सगळी मुले एकाच संचातून एकसारखी काळ्या पट्टीवर धावणारी गाडी करून घरी नेत असतील, तर ते कौशल्य तेथेच थांबते. वर्ग पाहायला जाल तेव्हा एक गोष्ट विचारून पाहावी. नऊ व्होल्टच्या बॅटरीला लाल एलईडी सरळ जोडला तर तो जळतो. संचात त्याच्यासोबत रेझिस्टर दिलेला असतो. तो किती ओहमचा घ्यायचा हे मुले स्वतः काढतात का? एलईडीला सुमारे दोन व्होल्ट लागतात, उरलेले सात रेझिस्टरवर पडायला हवेत, आणि वीस मिलिअँपिअर प्रवाह धरला तर सातला ०.०२ ने भागून ३५० ओहम येतात. म्हणून बाजारात मिळणारा त्याच्या वरचा, ३९० किंवा ४७० ओहमचा रेझिस्टर घ्यायचा. हे आठवीच्या मुलीला सहज जमते, आणि पुढे नववी-दहावीच्या विज्ञानात ओहमचा नियमच असल्यामुळे अभ्यासाचे नुकसान होण्याचेही कारण नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने हातकाम आणि शालेय विषय यांची अशी सांगड अनेक वर्षे घातली आहे.

प्रश्न : आमच्या आदिवासी पाड्यावरील शाळेत बांबूकाम सुरू करायचे आहे. मुलांना इजा झाली तर जबाबदारी कोणाची, या धास्तीने सहकारी नको म्हणतात.
— एक शिक्षक, पेठ तालुका

उत्तर : धास्ती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. कोयत्याने बांबू फोडणे आणि कामट्या काढणे हे काम पाड्यावरील जाणत्या माणसाकडेच ठेवावे. तो आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याचा आजोबा असू शकतो आणि त्याला वर्गात रीतसर बोलावणे हाही प्रकल्पाचा भाग आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आणि स्थानिक कारागिरांकडून शिकणे या दोन्ही गोष्टी स्पष्ट आहेत, तेव्हा सहकाऱ्यांना त्या दाखवाव्यात. (शहरातील शाळांनी हेच दिवस जुन्या नाशकातील तांबट कारागिरांकडे घालवावेत. ठोकून कडक झालेले तांबे लाल होईपर्यंत तापवल्यावर पुन्हा मऊ होते, हे तेथे समोर दिसते.)

बांबूत कोयत्यापेक्षा कामटीची कडच अधिक वेळा कापते, म्हणून विणकामाआधी प्रत्येक कड पॉलिश पेपरने मारून घेण्याची सक्ती असावी. कटर वापरताना लोखंडी पट्टी लावावी, पाते अंगापासून दूर न्यावे आणि धरलेला हात त्याच्या वाटेत ठेवू नये. गोंदाच्या बंदुकीचे टोक १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असते. भाजल्यास टूथपेस्ट वगैरे न लावता वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे. बटण सेल लहान मुलांच्या हाती कधीही नसावेत, कारण गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो. घरगुती २३० व्होल्टच्या जोडणीला मुलांनी हात लावायचाच नाही, येथे मात्र कोणतीही सवलत नाही. हे नियम आपण लिहून लावण्यापेक्षा मुलांकडून लिहून घ्यावेत आणि पालकांना साहित्याच्या यादीसह आधी कळवावेत.

प्रश्न : आम्ही नववीतील चौघे आहोत. द्राक्षबागेत डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका आधी कळावा म्हणून आर्द्रता मोजणारे यंत्र करायचे आहे. सर म्हणतात, असे यंत्र बाजारात मिळते, त्यामुळे स्पर्धेत निवड होणार नाही. करावे का?
— विद्यार्थी, निफाड तालुका

उत्तर : जरूर करावे. इन्स्पायर अवॉर्ड मानक योजनेत निवड झालेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात आणि तेथे नावीन्य पाहिले जाते, हे सरांचे म्हणणे बरोबर आहे. पण बाजारातील यंत्र तुमच्या बागेविषयीचा तुमचा प्रश्न सोडवत नाही. वेलीच्या मांडवाखाली आणि बांधावर आर्द्रतेत किती फरक पडतो? पहाटे पडलेले दव पानावरून किती वाजता सुकते? डाऊनीच्या बुरशीला पान काही तास ओले राहावे लागते, म्हणून नुसत्या हवेतील आर्द्रतेपेक्षा दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व अधिक आहे, आणि त्यासाठी पहिले पंधरा दिवस घड्याळ, वही आणि लवकर उठणे एवढेच लागेल.

यंत्राची सुरुवात दोन साध्या तापमापींनी करावी. एकीच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळा. दोन्हींच्या नोंदींतला फरक जितका मोठा, तितकी हवा कोरडी. त्यानंतर आर्द्रता मोजणारा डीएचटी-११ सेन्सर घ्या. तो स्वस्त आहे, पण त्याची आर्द्रतेची नोंद पाच टक्क्यांनी इकडे-तिकडे असू शकते, त्यामुळे आकडा पडद्यावर दिसला म्हणून तो खरा मानू नका. तपासण्याची एक सोपी रीत आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात एका वाटीत मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल एवढेच पाणी घाला, सेन्सर मिठाला न टेकता आत टांगा, तार बाहेर काढलेली फट मेणाने बंद करा आणि डबा सावलीत रात्रभर ठेवा. आतील हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. सकाळी सेन्सर ६९ दाखवत असेल, तर तो सहाने कमी सांगतो असे वहीत लिहा आणि बागेतील नोंदी त्याप्रमाणे दुरुस्त करा. ती वही सरांना दाखवा, मग स्पर्धेचा अर्ज भरायचा की नाही ते त्यांच्याशी बोलून ठरवा.