वाचक विचारतात : 'आला' आणि 'आला म्हणे'

प्रश्न : ताई, वर्षभरात तीन-चार तुर्की कादंबऱ्या इंग्रजीतून वाचल्या आणि डोकं चक्रावलंय. रहस्यकथा म्हणून हातात घ्यावी तर प्रेतच बोलायला लागतं, मग झाड बोलतं, कुत्रा बोलतो, आणि प्रत्येक घरातलं कुणीतरी गाव सोडून इस्तंबूलला नाहीतर थेट जर्मनीला गेलेलं असतंच. खून, जिन आणि स्थलांतर असं सगळं एकाच पातेल्यात का शिजवतात हे लोक?

उत्तर : बोलणारं प्रेत म्हणजे तुम्ही ओरहान पामुकचं 'माय नेम इज रेड' वाचलंय, बरोबर ना? १५९१ चं इस्तंबूल, विहिरीच्या तळाशी पडलेला चित्रकार आणि तोच पहिलं प्रकरण सांगतोय. पण त्यातलं झाड आणि कुत्रा हे काही चमत्कार नाहीत हं. तिकडे कॉफीहाऊसमध्ये मेद्दाह नावाचे गोष्टी सांगणारे असायचे, एकटाच माणूस दहा जणांचे आवाज काढणार. कादंबरीतला मेद्दाह भिंतीवर एक चित्र टांगतो आणि त्या चित्रातल्या झाडाच्या नाहीतर कुत्र्याच्या तोंडून बोलतो, एवढंच. प्रेताचं मात्र वेगळं, ते आपलं आपणच बोलतं!

आणि खुनी शोधायची तऱ्हा बघा. दरबारातल्या चित्रकाराने स्वतःची अशी शैली दाखवायचीच नाही, जुन्या उस्तादांसारखंच काढायचं असा दंडक, त्यामुळे हात कुणाचा ते कळू नये हीच तर कला. मग पकडणार कसं? तर एका घोड्याच्या नाकपुड्यांवरून (अर्धं गुपित फोडलं, माफ करा, पण पाचशे पानांच्या पुस्तकात एवढं चालतं).

आता पातेल्याचं. मला विचाराल तर याची किल्ली तुर्की भाषेतच आहे आणि इंग्रजीतून वाचताना नेमकी तीच हरवते. तुर्कीत 'तो आला' दोन तऱ्हेने म्हणतात. 'गेल्दी' म्हणजे आला, मी पाहिलं. 'गेल्मिश' म्हणजे आलाय म्हणे, किंवा दाराशी बूट दिसतायत म्हणजे आलेला दिसतोय. मी स्वतः पाहिलेलं नाही हे क्रियापदाच्या शेपटालाच सांगावं लागतं. आपल्याकडे 'म्हणे' लावलं काय नाही लावलं काय, वाक्य चालतं, त्यांचं तसं नाही.

बूट बघून माणूस ओळखणं हे डिटेक्टिव्हचं काम झालं, हो ना? आणि तिथल्या परीकथाही याच 'मिश'मध्ये सांगतात, सुरुवातच 'बिर वारमिश, बिर योकमुश' ('योक'पुढे 'मिश'चं 'मुश' होतं), म्हणजे एक होतं म्हणे, एक नव्हतं म्हणे. आपलं आटपाट नगर निदान असतं तरी, यांचं पहिल्या वाक्यातच आहे आणि नाही. आणि गाव सोडून गेलेल्या माणसाचं तरी मागच्यांकडे काय उरतं? तिकडे लग्न केलंन म्हणे, आजारी आहे म्हणे. कादंबऱ्या काही सगळ्या 'मिश'मध्ये लिहीत नाहीत, पण लिहिणाऱ्याचा कान त्यावरच वाढलेला असतो, त्यामुळे सुगावा, जिन आणि परगावी गेलेला काका हे तिघं त्यांच्या लेखी एकाच आळीत राहतात असं मला वाटतं.

पटत नसेल तर लतीफे तेकिन वाचा, पामुकपेक्षा आधी वाचा असंच म्हणेन मी. जन्म १९५७ चा, कायसेरीकडच्या खेड्यातला, नऊ वर्षांची असताना घर इस्तंबूलला हललं. १९८३ च्या तिच्या पहिल्या कादंबरीत बाप शहरातून गावात चकचकीत निळी बस घेऊन येतो, त्याआधी स्टोव्ह आणि बोलणारी पेटी म्हणजे रेडिओ आणून झालेला असतो, आणि गावकऱ्यांना जिनांपेक्षा या वस्तूंचीच धास्ती जास्त. आई मरायला टेकली की मृत्यूच्या फरिश्त्याशी घासाघीस करून मुदत वाढवून घेते, भाजीवाल्याशी करावी तशी.

पुढची कादंबरी १९८४ ची, कचऱ्याच्या डोंगरावरच्या झोपड्यांची. अशा वस्तीला गेजेकोंदू म्हणतात, शब्दशः 'रात्रीत येऊन बसलेलं', कारण पहाटेच्या आत छप्पर चढलं की पाडता येत नाही असा लोकांचा समज. तिच्या गोष्टीत वारा छपरं उडवतो आणि छपरांबरोबर पाळण्यातली बाळंही उडतात. आता याला फँटसी म्हणा नाहीतर पत्रा नीट न ठोकल्याची बातमी म्हणा.

प्रश्न : सारखं जर्मनीच का येतं मध्ये?

उत्तर : कारण ३० ऑक्टोबर १९६१ ला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार नेण्याचा करार केला. भरतीच्या वेळी दात तपासायचे, लघवी तपासायचे, आणि मग इस्तंबूलच्या सिर्केजी स्टेशनातून गाडीत बसवून म्युनिकला. पहिल्यांदा मुदत दोनच वर्षांची होती, १९७३ मध्ये भरती बंद झाली, पण तोवर लाखो लोक तिकडे रुजले होते. सुट्टीत गावी आले की गावकरी त्यांना 'अल्मानजी' म्हणणार, म्हणजे जर्मनीवाले, आणि जर्मनीत ते परदेशीच, म्हणजे धोबी का कुत्ता वगैरे. निघणाऱ्याच्या मागे अंगणात पाणी ओतायची पद्धत आहे, पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये म्हणत. हा प्रसंग कथेत आला की मी पान उलटायची थांबते, कारण त्यातले किती परत येतात ते आपल्याला माहीत असतं.

यावर एमिने सेवगी ओझदामार वाचा. ती १९६५ मध्ये स्वतः बर्लिनच्या कारखान्यात कामाला गेली, पुढे जर्मनमध्येच लिहायला लागली आणि २०२२ मध्ये तिला तिथला साहित्याचा ब्युखनर पुरस्कार मिळाला. तिच्या कादंबरीतली मुलगी अर्थ न कळताच पेपरातले मथळे पाठ करते आणि कुणी काही विचारलं की एखादा मथळाच उत्तर म्हणून फेकते. हसून हसून पुरेवाट, आणि मग एकदम हसू येईनासं होतं.

प्रश्न : तुर्कीत अस्सल रहस्यकथा आहेत की सगळं साहित्यिकच?

उत्तर : आहेत की! अहमद मिथत एफेंदीची पहिली १८८४ चीच. सुलतान दुसरा अब्दुलहमीद तर याचा इतका शौकीन की डिटेक्टिव्ह गोष्टींची खास भाषांतरं करून घ्यायचा आणि रात्री झोपताना वाचून घ्यायचा, दिवसा अर्थात स्वतःच्याच प्रजेवर हेर सोडून. हल्लीचा हवा असेल तर अहमत उमितच्या कादंबऱ्यांतला पोलीस इन्स्पेक्टर नेवझात.

प्रश्न : नावांचे उच्चार?

उत्तर : सी दिसला की ज, सीला खाली शेपूट असेल तर च, एसला शेपूट असेल तर श. म्हणजे वरचं गेजेकोंदू इंग्रजी पुस्तकात दिसलं की गेसेकोंदू वाचू नका. आणि डोक्यावर चंद्रकोर घेतलेला जी उच्चारायचा नाही, आधीचा स्वर जरा लांबवायचा, म्हणून एर्दोआन. ही लिपी १९२८ ची आहे, त्याआधी अरबी लिपी होती, त्यामुळे आजच्या तुर्की पोराला पणजोबांचं पत्र सापडलं तरी वाचता येत नाही.