वाचकांचे प्रश्न : ‘बोर्ड’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : पाहुण्यांसाठी कळंगुटला खोली घेतली, तर पावतीवर ‘हाफ बोर्ड’ असे छापून आले. बोर्ड म्हणजे फळा, पाटी, फार तर परीक्षा मंडळ. हॉटेलात ‘अर्धा बोर्ड’ कसला? — एक वाचक, फोंडा

उत्तर : इथे बोर्ड म्हणजे जेवण. जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे लाकडाची फळी. मध्ययुगात लाकडी तिवयांवर फळ्या टाकून जेवणाचे मेज करीत आणि जेवणे उरकली की ते मोडून ठेवीत. फळीवरून मेज आणि मेजावरून अन्न, असा अर्थ सरकत गेला. आपल्याकडेही ‘पाट मांडले’ म्हटले की लाकूड कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, वाढलेले पान येते. ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ या पाटीतही लॉजिंग म्हणजे राहणे आणि बोर्डिंग म्हणजे खाणे. पुष्कळजण उलटे समजतात. नुसते ‘लॉजिंग’ लिहिले असेल तिथे जेवण मिळेलच असे धरू नका.

आता तुमची पावती. फुल बोर्ड म्हणजे नाश्ता, दुपारचे आणि रात्रीचे जेवण. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुधा रात्रीचे. आपल्याकडची हॉटेले हेच अक्षरांत लिहितात : ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे हाफ बोर्ड, एपी म्हणजे फुल बोर्ड. एपीला ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ समजू नये. दारू, थंड पेये आणि बऱ्याच ठिकाणी बाटलीचे पाणीसुद्धा वेगळे लागते, आणि वाद होतो तो तिथेच. खोली घेतानाच तीन गोष्टी विचारून ठेवा : कोणते जेवण, कोणत्या दिवसापासून आणि चुकलेल्या जेवणाचे काय. हाफ बोर्डची सुरुवात सहसा पोचल्या दिवशीच्या रात्रीच्या जेवणाने होते आणि निघायच्या सकाळच्या नाश्त्याने तो संपतो. दिवसभर दूधसागरला जाणार असाल तर आदल्या रात्रीच सांगा. काही ठिकाणी डबा बांधून देतात, पण चुकलेल्या जेवणाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

जाता जाता : ‘कबर्ड’ हाही मूळचा ‘कप-बोर्ड’, म्हणजे पेले मांडून ठेवायचे मेज. त्याला दारे नंतर आली.

प्रश्न : जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात ते ताऱ्यांवरून दिशा पाहत म्हणून, असे ऐकले. खरे का? मग डावी बाजू ‘पोर्ट’ कशी? — एक विद्यार्थी, वास्को

उत्तर : ताऱ्यांचा काही संबंध नाही. हा ‘स्टार’ स्टिअरिंगचा सख्खा भाऊ. मधोमध सुकाणू बसवण्याची रीत येण्याआधी उत्तर युरोपातली गलबते मागच्या बाजूच्या एका रुंद वल्ह्याने वळवीत. माणसे बहुतेक उजव्या हाताची, म्हणून वल्हे उजव्या कडेला. यातला ‘बोर्ड’ फळीचा नव्हे. जहाजाची कड या अर्थाचा तसाच उच्चार असलेला दुसरा जुना शब्द होता. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळले. विमानाचे ‘बोर्डिंग’ याच कडेवरून आले आहे. शत्रूच्या जहाजाच्या कडेला आपले जहाज भिडवून त्यावर चढणे, हा त्या क्रियापदाचा जुना अर्थ.

वल्हे धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून जहाज डावी कड लावून उभे करीत. माल त्याच बाजूने चढे, म्हणून ती ‘लार्बोर्ड’. पण वादळात ओरडून सांगताना लार्बोर्ड आणि स्टारबोर्ड सारखेच ऐकू येत. ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये हुकूम काढून लार्बोर्ड बंद केला आणि ‘पोर्ट’, म्हणजे बंदराकडची बाजू, हा शब्द ठेवला; अमेरिकेच्या नौदलाने 1846 मध्ये तेच केले. पोर्तुगीजातले ‘एस्तिबोर्दु’ आणि ‘बोंबोर्दु’ याच घराण्यातले. त्यातल्या बोंबेचा आपल्या बोंबेशी संबंध नाही.

परीक्षेसाठी आणि होडीवरही उपयोगाचे : या दोन्ही बाजू नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून ठरतात आणि तुम्ही पाठ फिरवलीत तरी बदलत नाहीत. रात्री पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा. तुमच्या उजव्या अंगाला दुसऱ्या यांत्रिक होडीचा लाल दिवा दिसला, तर ती तुमची वाट आडवी कापते आहे आणि वाट तुम्हीच द्यायची, तीही शक्यतो तिच्या पुढून न जाता. भारतात समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया (पाण्यावर तरंगणारी वाटेची खूण) डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवतात. बाहेर पडताना उलट. अमेरिकेत बोयांचे रंग याच्या बरोबर विरुद्ध असतात, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ पाहून पाठांतर करू नका.

प्रश्न : ‘अबव्ह बोर्ड’ म्हणजे मंडळापेक्षा वरचा का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. व्यवहार उघड आणि चोख आहे, असा अर्थ. पत्ते खेळताना हात मेजाच्या वर दिसले पाहिजेत, खाली गेले की लबाडीचा संशय. कॅसिनोतला डीलर टेबल सोडताना तळवे उलटसुलट करून दाखवतो ते याच संशयापोटी. ‘गो बाय द बोर्ड’ मात्र जपून वापरा. नियमाने चालणे असा अर्थ लावून तो अर्जात लिहिणारे आहेत. खरा अर्थ वाया जाणे, बुडीत जाणे : डोलकाठी मोडून कडेवरून समुद्रात गेली की ती गेलीच.

प्रश्न : मुले ‘बोर्डर’ आणि ‘बॉर्डर’ यांच्या स्पेलिंगमध्ये गोंधळतात. शिवाय ‘बोर्ड इन द बस’ बरोबर का? — एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : वसतिगृहात राहून जेवणाऱ्या बोर्डरच्या स्पेलिंगमध्ये ‘ए’ आहे, सीमेच्या बॉर्डरमध्ये नाही. बॉर्डर फ्रेंचमार्गे आला, त्याचे मूळ स्टारबोर्डमधली कड. ‘बोर्ड’ क्रियापदापुढे ‘इन’ किंवा ‘ऑन’ लागत नाही : ‘बोर्ड द बस’, ‘बोर्ड द फेरी’. मोटारीला ‘बोर्ड’ चालत नाही, तिथे ‘गेट इन’. ‘ऑन बोर्ड’ म्हणजे जहाजावर, किंवा हल्ली बेतात सामील. ‘ऑन द बोर्ड’ म्हणजे फळ्यावर, किंवा मंडळाचा सदस्य. एका ‘द’ने माणूस बोटीवरून थेट गोवा बोर्डावर जाऊन बसतो.

बोर्डिंग पासही मुलांना वाचायला शिकवा. त्यावरची बोर्डिंगची वेळ विमान सुटण्याची नसते. बोर्डिंगचे गेट विमान सुटण्याच्या साधारण 20–25 मिनिटे आधीच बंद होते. आणि विमानतळाचा कोड पाहावा : जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा.