नागपुरात एमएस्सी फिजिक्स करतोय. थिअरेटिकल न्यूक्लियरमध्ये जायचंय, पण जवळ मोठी लॅब नाही. अडेल का?

नाही अडणार. थिअरीला लॅब लागतच नाही. एवढंच मला आमच्या काकाजींना सात वर्षांत पटवता आलेलं नाही.

धरमपेठेत चुलतबहिणीचं साक्षगंध होतं. पंगतीत, पाहुण्यांसमोर काकाजींनी विचारलं, "काहून रे, बॉम्ब बनवून राहिला का तू? की कोराडीत लागतो?" कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा जळतो, हे कोण सांगणार! म्हटलं, शिशाच्या केंद्रकावर काम करतो. "मशीन कोणती?" लॅपटॉप. "म्हणजे कम्प्युटरवालाच ना! मग पुण्याला जा, पगार तरी मिळेल."

तेव्हा तीन आठवडे माझ्या दोन कोडांची उत्तरं जुळत नव्हती. मॅट्रिक्सच्या कर्णावरचे आकडे चोख, कर्णाबाहेरच्या काहींची चिन्हं उलटी. शेवटी सापडलं: एका कोडात रेडिअल वेव्ह फंक्शन (केंद्रापासून किती अंतरावर कण सापडेल हे ज्यातून कळतं ते सूत्र) उगमापाशी धन धरलेलं, दुसऱ्यात दूर अनंताकडे. एका वजा चिन्हापायी तीन आठवडे! हे जिलेबी वाढणाऱ्याला काय सांगू?

शिसं-208 मध्ये 82 प्रोटॉन, 126 न्यूट्रॉन. जास्तीचे न्यूट्रॉन कडेला पसरतात, ती न्यूट्रॉन स्किन. (नागपूरचा असलो तरी संत्र्याच्या सालीची उपमा देणार नाही.) अमेरिकेतल्या जेफरसन लॅबमधल्या प्रयोगात 2021 मध्ये तिची जाडी सुमारे 0.28 फेम्टोमीटर (केंद्रकं मोजायचं सूक्ष्म एकक) निघाली, तर 2022 मध्ये कॅल्शियम-48 ची जेमतेम 0.12. दोन्ही एका मॉडेलात बसवताना आमच्या नाकी नऊ येतात. याच जाडीशी न्यूट्रॉन ताऱ्याच्या त्रिज्येचा हिशेब बांधलेला आहे.

आणि काकाजी, मारिया गोपर्ट मेयर यांनी 1949 मध्ये शेल मॉडेल (केंद्रकातले प्रोटॉन-न्यूट्रॉन कवचांत बसतात, हे) मांडलं, तेही कागदावरच. आधी कित्येक वर्षं बिनपगारी काम केलं, 1963 ला नोबेल. त्यांनाही पुण्याला पाठवलं असतं तुम्ही.

तर मित्रा, पीएचडीसाठी नेट, गेट, जेस्ट या तिन्ही प्रवेशपरीक्षा दे. फोरट्रान ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा शीक, हसू नकोस, जुने कोड त्यातच आहेत. गाईड मात्र नीट निवड, विषय नंतर बदलता येतो. पीएचडीनंतर पोस्टडॉकसाठी (तात्पुरत्या संशोधन नोकरीसाठी) बहुतेक बाहेर जावंच लागतं, कायम जागा मोजक्या. घरी लगेच पैसे द्यायचे असतील तर माझं ऐकू नकोस.

जेआरएफ, म्हणजे पीएचडीची फेलोशिप, महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी 42,000, वर घरभाडं. पण ती वेळेवर येईलच असं नाही. माझी पाच महिने अडकली, तेव्हा खोलीचं भाडं काकाजींनी भरलं. परत द्यायला गेलो तर म्हणाले, "राहू दे, मशीन घे एखादी."